टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन : झीज ओळखा, फट मोजा, मगच खर्च करा

(कृषियंत्रांची निगा या विषयावरील शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषयाचा शिक्षक. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणांचा बंदोबस्त हे माझे नेहमीचे विषय. आज पिस्टनवर बोलायला उभा राहिलो, याचे काही जणांना नवल वाटेल. परंतु पिकाच्या बाबतीत आम्ही दिलेला सल्ला शेवटी यंत्राच्या तोंडूनच शेतात उतरतो. द्राक्षावर पाऊस उघडताच फवारणी घ्या, असे आम्ही सांगतो. त्या सकाळी पाठीवरचा पंप सुरूच झाला नाही, किंवा सुरू होऊन अर्ध्या ताकदीने चालला, तर आमच्या सल्ल्याला काही किंमत राहत नाही. पॉवर स्प्रेअरमध्ये पंख्याचा वारा इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. इंजिन थकले की फेरे कमी होतात, वारा कमी होतो, थेंब मोठे पडतात आणि पानाच्या मागची बाजू कोरडी राहते. आपण औषधाला दोष देतो, दुकान बदलतो, मात्रा वाढवतो. दोष मात्र पिस्टनमध्ये असतो.

दुसरी गोष्ट मोटारसायकलची. रस्त्यावर चालविण्यासाठी नवी टू-स्ट्रोक मोटारसायकल आज विकत मिळत नाही. परंतु एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी आणि १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आर.एक्स. १०० ही वाहने आजही खेड्यापाड्यांत जपून ठेवलेली दिसतात. दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, खताची गोणी या गाड्यांनी वाहिली आहे. त्यांचे चांगले सुटे भाग आता शोधावे लागतात. म्हणून नेमके काय झिजले आहे ते कळल्याशिवाय खर्च करणे परवडणारे नाही. मोटारसायकल, पॉवर स्प्रेअर, ब्रश कटर किंवा चेन सॉ, यांपैकी कोणतेही टू-स्ट्रोक इंजिन घेतले तरी आजचे विवेचन त्यास लागू पडते. मी उदाहरणे मुख्यतः मोटारसायकलची देईन, कारण ती उघडून पाहण्यास सोपी.

पिस्टन झिजतो कसा?

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत सर्व काम उरकते. क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट होतो. आर.एक्स. १०० चे उदाहरण घ्या. तिचा बोअर ५० मि.मी. आणि स्ट्रोकही ५० मि.मी. आहे. म्हणजे एका फेऱ्यात पिस्टन ५० मि.मी. वर व ५० मि.मी. खाली, असा १० सें.मी. चालतो. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर ५०० मीटर झाले. तासाभरात पिस्टन सिलिंडरच्या आतल्या आत ३० किलोमीटर चालून येतो. आणि हे सगळे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या थोड्याशा ऑईलच्या आधारावर.

शिवाय या इंजिनात निराळे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टनचा खालचा घेर, म्हणजे स्कर्ट, या खिडक्या उघडतो व झाकतो. म्हणून येथे पिस्टन दुहेरी काम करतो. वरच्या बाजूने तो स्फोटाचा दाब झेलतो आणि खालच्या बाजूने क्रँककेसमध्ये आलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबून वर पाठवितो. स्कर्ट झिजला की दोन्ही कामे बिघडतात. राजदूत, येझदीसारख्या गाड्यांत तर झिजलेल्या स्कर्टच्या बाजूने मिश्रण उलट फिरून कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार बाहेर उडू लागतात.

फट कशासाठी ठेवतात?

पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी घट्ट बसला तर उत्तम, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि जुन्या इंजिनांत सिलिंडर किंवा त्यातील बाही बिडाची असते. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ६० मि.मी. व्यासाचा पिस्टन घ्या. तापमान १०० अंशांनी वाढले तर पिस्टन सुमारे ०.१२ मि.मी. फुगेल आणि बीड सुमारे ०.०६५ मि.मी. दोहोंतील फरक ०.०५ मि.मी.च्या आसपास येतो. थंड असताना एवढी जागा ठेवली नसेल, तर गरम होताच पिस्टन भिंतीला धरेल. यालाच आपण इंजिन जाम झाले किंवा सीझ झाले म्हणतो.

याउलट फट जास्त झाली तर पिस्टन भिंतींवर आपटत चालतो, रिंगा सरळ बसत नाहीत, दाब खाली निसटतो आणि स्कर्टला तडा जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणजे फट कमीही नको आणि जास्तही नको. ५० मि.मी. बोअरच्या लहान इंजिनात ती सर्वसाधारणपणे ०.०३ ते ०.०५ मि.मी. आणि ६० ते ६५ मि.मी. बोअरच्या जुन्या बिडाच्या इंजिनात ०.०५ ते ०.०८ मि.मी. असते. फट ०.१० मि.मी.च्या पुढे गेली की लहान इंजिनात दुरुस्तीची वेळ जवळ आली असे समजावे. हा ढोबळ नियम झाला. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तोच अखेरचा मानावा. कल्पना येण्यासाठी सांगतो, साध्या वहीचा एक कागद सुमारे ०.१० मि.मी. जाड असतो. आपण ज्या फटीविषयी बोलतो आहोत ती कागदाच्या निम्म्या जाडीची आहे. बोटाने पिस्टन हलवून 'ढिला आहे' म्हणणाऱ्यावर म्हणूनच एकदम विश्वास ठेवू नये.

इंजिन न उघडता काय कळते?

प्रथम साध्या गोष्टी तपासाव्यात. ताकद कमी झाली म्हणजे पिस्टनच गेला असे नव्हे. एअर फिल्टर धुळीने तुंबला, प्लग खराब झाला, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला किंवा सायलेन्सर काजळीने भरला, तरी इंजिन अगदी झिजल्यासारखेच वागते. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरची जाळी आणि एक्झॉस्ट पोर्ट काजळीने अरुंद होणे ही तर नेहमीची बाब आहे. हे सर्व साफ करूनही सुधारणा नसेल, तर पुढे जावे.

आवाज : सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक असा कोरडा, धातूचा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो, तर तो पिस्टन भिंतीवर आपटण्याचा आवाज होय. पिस्टन फुगून फट भरून काढतो म्हणून आवाज कमी होतो. तापल्यावरही आवाज तसाच राहिला तर फट फार वाढली आहे. परंतु इतर आवाजांशी गल्लत करू नये. गजन पिनचा छोटा बेअरिंग गेला तर आवाज अधिक बारीक व तीक्ष्ण असतो, इंजिन तापल्यावरही तो राहतो. क्रँककडील मोठा बेअरिंग गेला तर ओझ्याखाली घणाचा घाव बसावा तसा दबका आवाज येतो. क्लचचा लिव्हर दाबल्यावर जो आवाज बदलतो किंवा थांबतो, तो क्लचच्या बाजूचा समजावा, त्याचा पिस्टनशी संबंध नाही.

किक : प्लग घट्ट बसलेला असताना किक हाताने हळू दाबावी. चांगल्या इंजिनात ती एका ठिकाणी अडते आणि थोडा वेळ तोलून धरते. झिजलेल्या इंजिनात किक लोण्यात सुरी जावी तशी खाली जाते. पंपाची दोरी हळू ओढल्यावरही हाच अनुभव येतो. प्रत्येक फेऱ्याला एक ठळक अडथळा लागला पाहिजे.

दाब : गॅरेजमध्ये दाबमापक असल्यास इंजिन गरम करून, प्लगच्या जागी मापक लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून आठ-दहा किका माराव्यात. ॲक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेला आकडा कमी येतो व फसवितो. मोटारसायकलच्या चांगल्या इंजिनात साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ७ ते ९ किलो दाब मिळतो. ६ च्या खाली आला तर संशय घ्यावा. नंतर प्लगच्या छिद्रातून अर्धा चमचा ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजला आहे, कारण ऑईलने तेवढ्यापुरती फट बुजली. आकडा वाढला नाही तर हेडचे पॅकिंग पाहावे. तेथे काळा तेलकट डाग दिसतो. पाच रुपयांच्या पॅकिंगसाठी ब्लॉक-पिस्टन बदललेले लोक मी पाहिले आहेत.

धूर : येथे एक मोठा गैरसमज आहे. ट्रॅक्टर किंवा फोर-स्ट्रोक गाडी निळा धूर टाकू लागली की रिंगा गेल्या असे आपण म्हणतो, आणि ते बरोबर आहे. टू-स्ट्रोकमध्ये मात्र पेट्रोलबरोबर ऑईल जळतच असते, त्यामुळे थोडा धूर असणारच. धूर वाढला म्हणून पिस्टन बदलू नये. पेट्रोलमध्ये ऑईल योग्य प्रमाणात आहे, तरीही मोटारसायकल दाट पांढुरका धूर सोडते आणि गिअरबॉक्समधील ऑईल कमी होते आहे, तर क्रँकच्या क्लचकडील बाजूचा ऑईल सील गेला आहे. तो सील गिअरऑईल आत ओढून घेऊ देतो. ब्लॉकचे काम करून हा दोष जाणार नाही.

एक्झॉस्टच्या खिडकीतून पाहा

टू-स्ट्रोक इंजिनाची ही मोठी सोय आहे. सायलेन्सर सोडवला की एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन दिसतो. बॅटरीचा उजेड टाकून किक हाताने हळूहळू फिरवावी. प्रथम स्कर्ट, मग रिंगा, मग पिस्टनचा माथा समोरून जातो. स्कर्ट गुळगुळीत, राखाडी असेल तर ठीक. उभे खोल ओरखडे असतील तर ब्लॉक काढावाच लागेल. रिंगांच्या खाली तपकिरी-काळा पट्टा उमटलेला असेल, तर जळालेला वायू रिंगांच्या बाजूने खाली निसटतो आहे. काडीने रिंग हलकेच दाबून पाहावी. ती आत दबून परत यायला हवी. दबत नसेल तर काजळीने खाचेत चिकटली आहे. अशा वेळी झीज नसतानाही दाब जातो. खाच साफ केली की इंजिन पुन्हा जागेवर येते.

ओरखडे काय सांगतात?

पिकाच्या पानावरचे डाग पाहून आपण रोग की अन्नद्रव्याची कमतरता हे ओळखतो. तसाच ब्लॉक काढल्यावर पिस्टन वाचावा. नुसता नवा पिस्टन टाकला आणि मूळ कारण तसेच राहिले, तर नवाही त्याच वाटेने जातो.

१. एअर फिल्टरकडील, म्हणजे इनटेक बाजूचा स्कर्ट घासून निस्तेज, मळकट राखाडी झाला व पातळ झाला असेल, तर धूळ आत जात आहे. आपल्याकडील सर्वांत मोठे कारण हेच. मळणीच्या दिवसांत, बैलगाडीच्या वाटेवर, उसाच्या पाचटात ब्रश कटर चालविताना बारीक माती हवेबरोबर प्रथम याच बाजूला येऊन आदळते. फिल्टर फाटलेला, किंवा फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांमधील रबरी नळी चिरलेली आढळेल.

२. एक्झॉस्ट बाजूलाच ओरखडे असतील, तर त्या बाजूला इंजिन फार तापले. मिश्रणात पेट्रोल कमी व हवा जास्त, ऑईल कमी, किंवा सिलिंडरच्या पात्यांत माती व कचरा भरून वारा न लागणे, ही कारणे तपासावीत. फवारणी पंपात ही पाती औषधाच्या पांढऱ्या थराने आणि मातीने पार बुजलेली असतात.

३. चारही बाजूंना, चार कोपऱ्यांत ओरखडे असतील, तर फट कमी ठेवली गेली, किंवा थंड इंजिन सुरू करताच जोरात ताणले. पिस्टन लवकर फुगला, ब्लॉक मात्र अजून थंडच होता.

४. सर्व बाजूंनी ओरखडे आणि पिस्टन कोरडा, चकचकीत असेल, तर पेट्रोलमध्ये ऑईल नव्हते किंवा फार कमी होते.

५. गजन पिनच्या टोकाशी खोल चर पडला असेल, तर पिनचे लॉक सुटले होते.

६. माथ्याला भोक किंवा वितळल्याची खूण असेल, तर चुकीच्या नंबरचा, गरम प्रकारचा प्लग, फार पुढे ठेवलेला इग्निशनचा टायमिंग किंवा कमी पेट्रोलचे मिश्रण यांपैकी काहीतरी आहे.

मापे कशी घ्यावीत?

पिस्टन वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा नसतो आणि पूर्ण गोलही नसतो. माथ्याकडे उष्णता जास्त म्हणून तो वर थोडा बारीक करतात, आणि गजन पिनच्या दिशेने धातू जास्त म्हणून त्या दिशेला व्यास कमी ठेवतात. त्यामुळे पिस्टनचे माप ठरावीक जागीच घ्यावे लागते. स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मि.मी. वर, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने माप घ्यावे. व्हर्नियरने येथे काम भागत नाही.

सिलिंडरचे माप बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, व प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, अशी सहा मापे घ्यावीत. एक दिशा क्रँकच्या समांतर आणि दुसरी तिच्या काटकोनात, म्हणजे मोटारसायकलच्या पुढे-मागे. पुढे-मागे झीज जास्त आढळते, कारण कनेक्टिंग रॉड पिस्टनला त्याच भिंतींवर रेटतो. वर आणि खाली यांच्या मापात ०.०५ मि.मी.हून अधिक फरक आला, तर बोअर निमुळता झाला असे समजून रिबोअरचा विचार करावा. सहांपैकी सर्वांत मोठे माप घेऊन त्यातून पिस्टनचे माप वजा केले की आली ती फट.

आता महत्त्वाचा मुद्दा. समजा ५० मि.मी.च्या इंजिनात एका शेतकऱ्याचा बोअर ५०.०१ आणि पिस्टन ४९.८८ भरला. फट ०.१३ मि.मी. दुसऱ्याचा बोअर ५०.०८ आणि पिस्टन ४९.९५ भरला. फट तीच, ०.१३. दोघांनाही ४९.९६ चा नवा स्टँडर्ड पिस्टन मिळतो. पहिल्याची फट ०.०५ वर येईल आणि त्याचे काम नव्या पिस्टन-रिंगांत भागेल. दुसऱ्याची फट ०.१२ राहील, त्याचा पिस्टनचा खर्च वाया जाईल आणि त्याला रिबोअर करावाच लागेल. म्हणून 'फट किती' एवढेच विचारून थांबू नये. 'बोअर किती आणि पिस्टन किती' हे दोन आकडे निरनिराळे विचारावेत व कागदावर लिहून घ्यावेत.

बोअर गेज नसेल तर

खेड्यातील गॅरेजमध्ये बोअर गेज क्वचितच असतो. परंतु फिलर गेज, म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा, स्वस्त असतो व सहज मिळतो. गावातील बचत गटाने किंवा चार शेतकऱ्यांनी मिळून एक विकत घ्यावा. त्याने दोन गोष्टी करता येतात.

पहिली, रिंगा काढून पिस्टन नेहमीच्या दिशेनेच बोअरमध्ये सोडावा आणि स्कर्टच्या पुढील किंवा मागील बाजूला अरुंद पट्टी घालून पाहावी. किंचित अडत सरकणारी सर्वांत जाड पट्टी म्हणजे अंदाजे फट.

दुसरी युक्ती अधिक उपयोगी आहे. एक रिंग घ्यावी. ती बोअरच्या अगदी खालच्या भागात, जेथे रिंग कधी घासत नाही अशा जागी, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवावी व तिच्या दोन टोकांतील अंतर मोजावे. मग तीच रिंग वरच्या बाजूला, जेथे झीज जास्त असते, तेथे बसवून पुन्हा मोजावे. खिडकीसमोर रिंग ठेवून माप घेऊ नये. समजा खाली ०.२५ मि.मी. आणि वर ०.६० मि.मी. आले. फरक ०.३५. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो, म्हणून या फरकाला ३.१४ ने भागावे. उत्तर आले ०.११. म्हणजे वरच्या भागात बोअर व्यासात ०.११ मि.मी. झिजला आहे. बोअर गेजशिवाय, शाळेतील गणिताने हे कळले. फक्त दोन्ही वेळा रिंग तिरपी बसू नये, एवढी काळजी घ्यावी. नव्या रिंगेच्या टोकांतील अंतर सर्वसाधारणपणे ०.१५ ते ०.३५ मि.मी. असते. अंतर मुळीच नसेल तर रिंग फुगून मोडते, म्हणून नवी रिंगसुद्धा बसविण्यापूर्वी अवश्य तपासावी.

रिबोअर करताना

प्रथम बोअरला चुंबक लावून पाहावा. घट्ट चिकटला तर बिडाचा आहे व रिबोअर होऊ शकतो. अनेक ब्रश कटर, चेन सॉ आणि पंपांत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला आतून कठीण मुलामा दिलेला असतो. तो साध्या लेथवर रिबोअर करता येत नाही. अशा यंत्राचा ब्लॉक-पिस्टन जोडीनेच बदलावा लागतो.

बिडाच्या ब्लॉकसाठी ओव्हरसाईज पिस्टन बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ व १.०० मि.मी. या पायऱ्यांनी मिळतात. सर्वांत लहान ज्या मापात बोअर स्वच्छ होईल तेच घ्यावे, म्हणजे पुढच्या रिबोअरला जागा उरते. नेहमी पिस्टन आधी विकत घ्यावा आणि ब्लॉकबरोबर बोअरिंगवाल्याच्या हातात द्यावा. पिस्टनवर ०.५० छापलेले असले तरी तो मोजूनच बोअर करावा. पिस्टन ५०.४६ भरला आणि ०.०४ फट हवी असेल, तर बोअर ५०.५० हवा. बोअरिंगनंतर होनिंग करून घ्यावे. खिडक्यांच्या धारदार कडा हलक्या हाताने मोडून घ्याव्यात. हे विसरले तर नव्या रिंगा त्या कडांत अडकून तुटतात. नंतर ब्लॉक नुसता पेट्रोलने पुसू नये. गरम पाणी व साबण लावून ब्रशने धुवावा, पांढरे फडके काळे होईनासे झाले की वाळवून लगेच ऑईल लावावे. होनिंगची पूड राहिली तर रिबोअर पहिल्याच आठवड्यात खराब होतो.

जोडताना क्रँककेसच्या तोंडात फडके कोंबावे, म्हणजे लॉक आत पडणार नाही. लॉक दरवेळी नवेच वापरावे. पिस्टनवरील बाण एक्झॉस्टकडे यावा आणि रिंगांची तोंडे खाचेतील खिळ्यांवर बसावीत. मोटारसायकल पहिले ५०० किलोमीटर जड ओझे न घालता, वेग कमी-जास्त करीत चालवावी. पंपाचे पहिले आठ-दहा तास पूर्ण ॲक्सिलरेटरवर सलग काम करू नये.

झीज लांबवायची असेल तर

ऑईलचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:५० म्हणजे लिटरला २० मिली. टोपणाने अंदाजे ओतण्याऐवजी औषध मोजण्याचे जुने माप धुऊन केवळ ऑईलसाठी वेगळे ठेवावे. ऑईल टू-टी प्रकारचेच असावे. ट्रॅक्टरचे उरलेले ऑईल घालू नये. जास्त ऑईल घातल्याने झिजलेला पिस्टन भरून येत नाही, उलट काजळी वाढते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते आपल्याच ऊस-मक्यापासून होते, याचा आनंद आहे. परंतु जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला त्यामुळे मिश्रण किंचित पातळ मिळते व ते अधिक तापते. इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते. तेव्हा मिश्रण महिनोन्महिने टाकीत ठेवू नये. हंगाम संपताच टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. कार्ब्युरेटरचा जेट एकदा जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा.

शेवटी एक जिवाची गोष्ट. चालत्या मोटारसायकलचा पिस्टन जाम झाला की मागचे चाक एकदम अडकते. इंजिनाचा आवाज अचानक दबला, गाडी मागून कुणी ओढल्यासारखी वाटली, की त्याच क्षणी क्लच दाबावा व गाडी कडेला घ्यावी. जबरदस्तीने किक मारू नये. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. ते पुन्हा सुरू झाले, तरी एक्झॉस्टमधून पिस्टन पाहिल्याशिवाय लांबच्या प्रवासाला जाऊ नये.

थोडक्यात

१. ताकद कमी झाल्यास आधी फिल्टर, प्लग, कार्ब्युरेटर, सायलेन्सर. पिस्टन शेवटी.
२. टू-स्ट्रोकमध्ये केवळ धुरावरून रिंगा बदलू नयेत.
३. सायलेन्सर सोडवून एक्झॉस्टमधून पिस्टन स्वतः पाहावा.
४. ओरखडे कोणत्या बाजूला आहेत ते पाहून मूळ कारण दूर करावे.
५. बोअर आणि पिस्टन यांची मापे स्वतंत्र लिहून घ्यावीत, मगच पिस्टन की रिबोअर हे ठरवावे.
६. फवारणीच्या हंगामापूर्वी एक महिना आधी पंप तपासावा. रोग आल्यावर मेकॅनिक शोधण्यात पीक जाते.

हा शेवटचा मुद्दा मी कृषिविद्येचा शिक्षक म्हणून सांगतो. माती परीक्षण आपण पेरणीआधी करतो, बियाण्याची उगवण पेरणीआधी पाहतो. फवारणीच्या इंजिनाची तपासणीही त्याच यादीत लिहावी, एवढीच विनंती.